मफलरची फांदी

लाकडाला पाण्याचे रूप देण्याची विद्या ज्यांच्या हातात चाळीस वर्षे नांदली, त्या गृहस्थांना सारी गल्ली आरसेकाका म्हणत असे. त्यांनी हात फिरवलेल्या कपाटाच्या दारात बघून माणसे भांग पाडीत, अशी त्यांची ख्याती होती. आता खांदा कुरकुरू लागला होता, दुकान भाच्याच्या स्वाधीन झाले होते. तरीही कोणाच्या घरी गेल्यावर बसण्यापूर्वी त्यांची बोटे खुर्चीच्या हातावरून आपसूक फिरत, आणि ‘पॉलिशचा शेवटचा हात घाईत मारलाय’ असा निवाडा मनातल्या मनात होऊन जाई.

एका सोमवारी सकाळी त्यांची एकुलती एक लेक टेम्पोतून काचेची मोठी पेटी उतरवून दारात उभी राहिली. लेक पुलांची तपासणी करीत असे. कुठे तडा गेला आहे, कुठे गंज आत शिरला आहे, हे हातोडीने ठोकून आणि दिव्याने शोधून कागदावर मांडणे, हे तिचे काम. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिने खोली घेतली होती, आणि वडिलांकडे ती महिन्यातून एकदा, तासाभरासाठी येई. पेटीत विटकरी रंगाचा, अंगठ्याएवढ्या जाडीचा एक साप वेटोळे घालून निजला होता.

“बाबा, सहा आठवडे याला सांभाळाल का? मला लांबच्या कामावर जायचंय. मैत्रिणी सगळ्या फोटोपुरत्या धीट आहेत.”

“चावतो का?”

“तुम्ही उंदीर नसाल तर नाही. बिनविषारी आहे, काचेतच जन्मलाय. थंडीत मी गळ्यात घालते, म्हणून नाव मफलर.”

वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई पिशवी घेऊन जिना उतरत होत्या. तीस वर्षे भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, आणि बोलायची संधी कधी वाया न घालवणाऱ्या. पेटीत डोकावून त्या म्हणाल्या, “अगं बाई! जावई शोधलास तो असा? हात नाहीत, पाय नाहीत. पण सासऱ्यासमोर तोंड उघडणार नाही, हे बरं.”

लेक हसली. त्या घरात तिचे असे मोकळे हसणे आरसेकाकांनी कितीतरी वर्षांनी ऐकले.

पेटी खिडकीपासून दूर, भिंतीलगत ठेवली गेली. लेकीने एक कागद फ्रीजवर चिकटवला. उंदीर कधी द्यायचा, पाण्याची वाटी कधी बदलायची, तळाची गरम पट्टी किती वेळ चालू ठेवायची, असे सारे त्यात होते. कागदाच्या शेवटी फांदीचा मजकूर होता.

“जुनी फांदी बुरशीनं गेली, कालच फेकली. याला चढायला फांदी लागतेच, आणि मला वेळच झाला नाही.” तिने कागदाचा सुटलेला कोपरा पुन्हा दाबला. “तुम्ही कराल?”

या प्रश्नात काय होते, हे कळण्यासाठी अकरा वर्षे मागे जावे लागेल. आरसेकाकांची पत्नी शिवणकाम करीत असे. बाहेरच्या खोलीत तिचे कापड बेतण्याचे मोठे टेबल होते. ती गेल्यावर वर्षभराने लेक चार दिवस मावशीकडे गेली असता काकांनी ते टेबल दारे बंद करून घासले, खड्डे लांबीचा लगदा भरून बुजवले, लाखेचे पॉलिश नऊ वेळा चढवले. पोरीला अभ्यासाला टेबल हवे, आणि ते असे हवे की तिच्या कॉलेजात कोणाकडे नसावे, एवढाच त्यांचा हेतू होता. लेक परत आली. टेबलावर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली आणि “छान झालंय” म्हणाली. पुढे ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच वह्या मांडत राहिली, आणि नोकरी लागताच स्वतंत्र खोली घेऊन गेली. त्यानंतर तिने वडिलांकडे लाकडाचे कोणतेही काम मागितले नव्हते. खोलीतले कपाटसुद्धा तिने पत्र्याचे घेतले होते.

म्हणून “तुम्ही कराल?” हे दोन शब्द ऐकताना आरसेकाकांना चष्मा पुसण्याचे निमित्त शोधावे लागले.

“करतो की. त्यात काय!”

“आणि बाबा, पॉलिश नको हं. एक थेंबसुद्धा नाही. वास बाधतो त्याला.”

“मला काय खुळा समजलीस?”

दुसऱ्या दिवसापासून काका फांदीच्या शोधाला लागले, ते एखाद्या घरी स्थळ पाहायला निघावे तशा गांभीर्याने. कागदावरची प्रत्येक ओळ त्यांनी मुखोद्गत केली होती. लाकूड कठीण असावे. चीक, डिंक, राळ गळणारे झाड नको. कीटकनाशक मारलेले नको. जाडी सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाएवढी, किंवा थोडी अधिक असावी. रस्त्याकडेच्या झाडांना त्यांनी मनातूनच वगळले. त्यांच्यावर फवारणीच्या पांढुरक्या खुणा होत्या. फर्निचरच्या वखारीत गेले, तर तिथल्या लाकडाला राळेचा असा वास की माणसाचेही डोके चढावे. वखारवाला ओळखीचा होता.

“काका, निवृत्त झालात ना? कुणासाठी हे?”

“लेकीच्या सापासाठी.”

वखारवाल्याने कान खाजवला. “आमच्या पोरींनी मांजर मागितलं तरी आम्ही रागावतो. तुमचं थोर आहे.”

अखेर सार्वजनिक बागेत चिंचेची छाटणी चालू असलेली त्यांना दिसली. माळ्याची परवानगी घेऊन त्यांनी ढिगाऱ्यातल्या फांद्या एकेक करून उचलल्या. एक दिसायला देखणी, पण वजनाला हलकी. आत भुंग्याने घर केले होते. दुसरीची वळणे चांगली, पण टोकाला चिरलेली. तिसरी मात्र मनासारखी निघाली. हातभर सरळ जाऊन तिला दोन फाटे फुटले होते, आणि त्यांतला एक पुन्हा वाकून खाली आला होता, जणू कोणी टेकावे म्हणून पुढे केलेला हात. साल काळसर, खवल्याखवल्यांची, बोटाला बोचणारी. काकांनी ती खांद्यावर टाकली आणि दुखऱ्या खांद्याची आठवण त्यांना घरी पोहोचेपर्यंत झाली नाही.

पुढले सारे त्यांनी कागदाबरहुकूम केले. कोरड्या ब्रशने धूळ झाडली. मोठ्या टबात कढत पाणी ओतून फांदी घासली, पाणी बदलून पुन्हा घासली, तिसऱ्यांदा रात्रभर बुडवून ठेवली. साबण लावला नाही. मग गच्चीवर दोन दिवस कडक उन्हात वाळवली. टोकांचे कोपरे कानशीने बोथट केले. जड दगडी फरशीला भोके पाडून फांदी तिच्यावर स्क्रूने अशी बसवायची ठरवली, की हत्ती चढला तरी हलू नये.

इथपर्यंत सर्व यथास्थित होते. कागदावर शेवटून दुसरी ओळ होती: ‘सुटलेली साल काढून टाकावी.’ वाळल्यामुळे एका फाट्यावर तळहाताएवढी साल सुटली होती. काकांनी ती काढली. खाली लाकूड निघाले. फिकट, मऊसर, आतल्या रेषा पाण्यावरच्या लहरींसारख्या. ज्या माणसाने आयुष्यभर लाकडाच्या या दर्शनासाठीच घाम गाळला, त्याने तिथे थांबावे तरी कसे? शेजारची साल थोडी ढिली वाटली, तीही गेली. मग एक बाजू उघडी नि एक झाकलेली, हे डोळ्यांना खुपू लागले. शिवाय किडे लपतात ते सालीखालीच, हे धंद्यातले पहिले ज्ञान. सायंकाळपर्यंत फांदी पूर्ण सोलून झाली होती.

सोललेले लाकूड खरखरीत राहते. त्यांनी काचपेपर काढला. जाड झाला, मध्यम झाला, बारीक झाला. पॉलिशचा शब्द दिला होता, तो त्यांनी प्राणपणाने पाळला; तेलाचा थेंब नाही, मेणाचा कण नाही. पण काचेच्या बाटलीच्या बुडाने लाकूड दाबून घोटले की ते स्वतःच्याच तेजाने चमकू लागते, ही युक्ती त्यांना गुरूकडून मिळाली होती. दोन दिवस त्यांनी फांदी घोटली. पॉलिश नको म्हणाली होती. गुळगुळीत नको, असे कुठे म्हणाली?

मास्तरीणबाई बघायला आल्या. “आरसेकाका, हे खरं लाकूड की साखरेचा पाक? मी हिच्यात बघून केस विंचरीन.”

“एक थेंब पॉलिश नाही, बरं का!”

“जावयाचे लाड आहेत बाई.”

फांदी पेटीत बसवली. मफलर तिच्याजवळ आला, जीभ लवलववून त्याने तिची ओळख करून घेतली आणि चढू लागला. वीतभर चढला, आणि ओली दोरी खुंटीवरून गळावी तसा खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा आला. तिसऱ्या खेपेस तो अर्ध्यावर थांबून अंग आवळत राहिला. आवळलेले वेढेच हळूहळू खाली सरकले. मग तो मातीच्या उपड्या कुंडीखाली गेला आणि दिवसभर बाहेर आला नाही.

‘नवीन आहे. होईल सवय,’ काका स्वतःशी म्हणाले.

रविवारी लेकीचा फोन आला. “फांदी झाली का हो बाबा?”

“झाली.”

“फोटो पाठवा ना.”

“आल्यावरच बघ. चांगली झालीय.”

तो एक फोटो त्यांनी पाठवला असता तर! पुढे कितीदा तरी हा विचार त्यांच्या मनात येणार होता. पण त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते लेकीचे प्रवासातून आल्यावर पेटीपुढे थबकणे आणि आश्चर्याने तोंडाशी हात नेणे.

तिसऱ्या आठवड्यात मफलरचा रंग मळकट झाला आणि डोळे दुधाळ निळे पडले. कागदावर हे होते: ‘कात टाकण्याआधी असे होते, घाबरू नका, हात लावू नका.’ काका घाबरले नाहीत. रविवारी त्यांनी ही बातमी फोनवर दिली, तेव्हा लेक म्हणाली, “मग दोन दिवसांत टाकेल. पाण्याची वाटी मोठी ठेवा. नाक घासायला त्याला काहीतरी खडबडीत लागतं. तिथूनच कात सुटायला सुरुवात होते. पण सालीची फांदी आहेच म्हणा. आहे ना?”

आरसेकाकांनी पेटीतल्या चमकत्या फांदीकडे पाहिले.

“आहे,” ते म्हणाले.

फोन ठेवून ते पेटीपुढे खुर्ची ओढून बसले. मफलर फांदीच्या बुंध्याशी नाक घासत होता. नाक घसरत होते. तो मान वळवून पुन्हा आणी, पुन्हा घासे, पुन्हा ते सुळकन निसटे. आधाराला एखादे खवले, एखादी भेग, काही तरी त्याला हवे होते. आणि दोन दिवस खपून काकांनी नेमके तेच नाहीसे केले होते.

आणि तिथे, त्या खुर्चीत बसल्या बसल्या, त्यांना टेबल आठवले. कापडावर खुणा पाडण्याचे पत्नीचे ते दातेरी चाक टेबलाच्या फळीवर ठिपक्यांच्या रांगा उमटवीत असे. बाहीची गोलाई, गळ्याचा उतार, फ्रॉकचा घेर. लेकीच्या पहिल्या फ्रॉकपासून कॉलेजच्या कपड्यांपर्यंत सगळे त्या लाकडावर बारीक छिद्रांनी लिहिलेले होते. कडेला कात्रीचे चरे होते. त्या चार दिवसांत त्यांनी ते सारे खड्डे म्हणून पाहिले, लांबीने भरले आणि वर नऊ हात दिले. “छान झालंय,” म्हणाली होती पोरगी. त्यांना ती शाबासकी वाटली होती.

त्यांनी तातडीने गच्चीवरून एक वीट आणून धुऊन पेटीत ठेवली. पण उशीर झाला होता. सोमवारी सकाळी कात निघाली ती सलग नव्हे. सुकलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी, तुकड्यातुकड्यांनी. जुन्या कोशात सापाच्या कातीला निर्मोक म्हटले आहे, ज्यातून मोकळे व्हायचे ते. मफलर पुरता मोकळा झाला नव्हता. शेपटीच्या टोकाला एक कडे राहिले, आणि उजव्या डोळ्यावर कातीचे छोटे, गोल झाकण तसेच चिकटून राहिले.

मंगळवारी त्यांनी ओल्या फडक्याने शेपटी भिजवली, ते कडे निघाले. डोळा तसाच राहिला. फोन उचलून लेकीला विचारता आले असते. पण विचारले की ती फांदीबद्दल विचारणार, आणि फांदीचे सांगायला त्यांची जीभ उचलेना. तिला यायला अजून अडीच आठवडे होते. तोवर डोळा साफ झाला, तर ती येईल ते नितळ सापाकडे. फांदी बदलून टाकता येईल, कोणाला काही कळणारही नाही. असे त्यांच्या मनाने घेतले.

बुधवारी दुपारी त्यांनी कपाटातून चिमटा काढला. ओल्या पॉलिशवर ब्रशचा केस चिकटला, तर तो ठसा न उठवता उचलण्याचा त्यांचा हा चिमटा. चाळीस वर्षांत त्याने एकही काम बिघडवले नव्हते. त्यांनी मफलरला मांडीवर घेतले, बोटांत मान धरली, आणि झाकणाची कड पकडून ओढली. हात स्थिर होता. झाकण आले, पण त्याच्याबरोबर आणखी काही आले, जे यायला नको होते. मफलरने अंगाचा एकच पीळ दिला. ओरडण्यासाठी त्याच्याकडे आवाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी डोळा पांढुरका झाला, तिसऱ्या दिवशी सुजला. मास्तरीणबाई वाटीभर साखर मागायला आल्या होत्या, त्यांच्या ते लक्षात आले.

“काका, हे काय झालं?”

त्यांनी सगळे सांगितले. मास्तरीणबाईंनी हातातली रिकामी वाटी खाली ठेवली. मग म्हणाल्या, “जुन्या लोकांनी सापाला चक्षुःश्रवा म्हटलंय. डोळ्यांनी ऐकणारा. खरं-खोटं मला माहीत नाही, शब्द तेवढा आहे. आत्ताच्या आत्ता फोन करा पोरीला.”

“ती रागावेल.”

“मग रागावू दे! ती उंदीर सापाला घालते, बापाला नाही खाणार. आणि प्राण्यांची डॉक्टरीण आहे की बाजारापलीकडे.”

“डॉक्टरीण लेकीच्या ओळखीची आहे. तिला कळेल.”

“आरसेकाका,” मास्तरीणबाई सावकाश म्हणाल्या, “कळू नये म्हणून तुम्ही त्याचा डोळा घालवताय.”

हे बोलणे त्यांना लागले. तरीही त्यांनी फोन केला नाही. लाकडातला तडा रंगीत मेणाने असा बुजवायचा, की घेणाऱ्याच्या बोटालाही कळू नये, ही त्यांच्या धंद्याची दुसरी अर्धी कला होती; आणि माणूस संकटात सापडला की आपल्या हातात जे असते तेच करतो. पुढल्या रविवारी लेकीने विचारले, “मफलर कसा आहे?” ते म्हणाले, “ठीक.” त्याच्या पुढल्या रविवारी तिने विचारले, “कात नीट निघाली होती ना?” ते म्हणाले, “निघाली की.” दोन्ही वेळा त्यांचा आवाज गुळगुळीत होता.

शनिवारी लेक आली. खांद्यावरची पिशवीही न उतरवता ती पेटीपाशी गेली. काका दाराशीच उभे राहिले. घोटलेली फांदी त्यांनी काढून खाटेखाली सरकवली होती.

“बाबा! याचा डोळा!”

“फांदी बुरसली, म्हणून वीट ठेवली होती, तिच्यावर घासला त्यानं. कात टाकताना.” हे वाक्य त्यांनी आठवडाभर मनात तयार केले होते, आणि त्याला कुठे सांधा दिसत नव्हता.

लेकीने मफलरला दोन्ही हातांत उचलले, गालाजवळ धरले. मग तिने वडिलांकडे पाहिले आणि ती जे म्हणाली, त्याची तयारी त्यांनी केलेली नव्हती.

“तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. तुम्हाला काय माहीत असणार? मीच जायला नको होतं. फांदीचं तरी मी स्वतः करून जायला हवं होतं.”

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात बाकावर ती हेच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मीच घाई केली. मीच नीट लिहिलं नाही. आरसेकाका शेजारी बसून हे ऐकत होते. तिचे प्रत्येक वाक्य त्यांच्या खोट्याने तिच्या खांद्यावर टाकलेले ओझे होते, आणि ती ते निमूटपणे उचलत होती.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून डोळा बराच वेळ पाहिला. “हा घासून गेलेला नाही. वरचं झाकण कुणीतरी ओढलंय.”

“नाही हो,” लेक म्हणाली. “वीट लागली. बाबा घरीच होते.”

डॉक्टरीणबाईंनी भिंग खाली ठेवले. त्यांनी नुसते काकांकडे पाहिले.

“मी ओढलं,” आरसेकाका म्हणाले. “चिमट्यानं. फांदीची साल मी काढली होती. सगळी. घासून गुळगुळीत केली होती. म्हणून कात अडकली.”

लेकीने मान वळवली नाही. “कधी?”

“सतरा दिवस झाले.”

“त्याच दिवशी आणला असता तर...” डॉक्टरीणबाई बोलता बोलता थांबल्या आणि औषधाची बाटली शोधू लागल्या. “आता हा डोळा परत येणार नाही. जगेल. जिभेनं वास घेत फिरेल. उंदीर मात्र डाव्या बाजूनं द्या.”

बसमध्ये दोघे शेजारी बसले होते. मफलर कापडी पिशवीत तिच्या मांडीवर होता. निम्मा रस्ता सरल्यावर ती म्हणाली, “फोनवर दोनदा विचारलं मी.”

“हो.”

“मी तिकडे पुलाखाली उभी राहून विचारत होते. तिथूनच निघून आले असते.”

“हो.”

“नुसतं हो-हो काय करता?” तिचा आवाज चढला, समोरच्या बाईने वळून पाहिले. खिडकीबाहेर बघत तिने पुढे अगदी हळू म्हटले, “डोळ्याचं नाही हो. चूक कुणाचीही होते.”

त्याच संध्याकाळी टेम्पो बोलावून ती पेटी घेऊन गेली. जाताना तिने फ्रीजवरचा कागद काढला, घडी घालून खिशात ठेवला. मास्तरीणबाई जिन्यात उभ्या होत्या. पेटीला वाट देण्यासाठी त्यांनी भिंतीशी अंग चोरले.

आरसेकाकांनी दोन दिवस काहीच केले नाही. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा बागेत गेले. चिंचेचा ढिगारा उचलला गेला होता. माळ्याने त्यांना नदीकडच्या जांभळाखाली पाठवले. तिथे वाऱ्याने पडलेली एक फांदी मिळाली. वेडीवाकडी, दोन ठिकाणी गाठी आलेली, सालीच्या भेगांत माती भरलेली. पूर्वी अशा फांदीकडे त्यांनी ढुंकून पाहिले नसते. त्यांनी ती धुतली, कढत पाण्यात घातली, उन्हात ठेवली, पुन्हा धुतली. एका गाठीपाशी साल थोडी उचललेली होती. ती जितकी सुटली होती तितकीच त्यांनी काढली, आणि हात मागे बांधून गच्चीवर एक चक्कर मारून आले.

दहाव्या दिवशी फांदी जुन्या चादरीत गुंडाळून ते लेकीच्या खोलीवर गेले. आधी फोन केला नव्हता. केला असता तर ती नको म्हणाली असती, अशी भीती होती.

तिने दार उघडले. “बाबा? या उन्हात?”

“हे आणलंय. नको असेल तर परत नेतो.”

तिने चादर सोडली. तडा शोधणाऱ्या माणसाच्या नजरेने तिने फांदी वरून खाली पाहिली, गाठी दाबल्या, टोके तपासली, साल नखाने उचकून बघितली. आरसेकाका उभे राहून आपल्या कामाची परीक्षा पाहत होते.

“एका ठिकाणची साल मी काढलीय,” ते म्हणाले. “इथली. सुटली होती. बाकी कुठं हात लावला नाही. आणि घरातून निघताना जिन्यात एकदा पडली माझ्या हातून. टोकाला चीर गेली असेल तर बघ.”

लेकीने टोक पाहिले. “नाही गेली.”

मग ती म्हणाली, “मी परत धुते. उकळत्या पाण्यात.”

तीनदा धुऊन झाली आहे, हे त्यांच्या ओठांवर आले होते. “धू,” ते म्हणाले.

ती फांदी घेऊन आत गेली. त्यांना तिने बस म्हटले नाही, आणि दारही लावले नाही. ते उंबऱ्याबाहेर उभे राहिले. आतल्या मोरीत पाण्याचा नळ सुटला, ब्रशचा आवाज येऊ लागला. उघड्या दारातून तिची पाठ दिसत होती. ती आडवे हात मारीत होती. सालीच्या भेगा उभ्या जातात. त्यांतली माती उभ्या हातानेच निघते, आडव्या हाताने ती आणखी आत बसते. आरसेकाकांनी तोंड उघडले आणि मिटले. ब्रश आडवा चालत राहिला, आणि ते दाराच्या चौकटीला हात न लावता तिथेच उभे होते.